जुनं सोनेरी घड्याळ घासण्याआधी

सोनं काळं पडत नाही, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्यामुळे कपाटाच्या खणातून आजोबांचं सोनेरी घड्याळ निघतं आणि त्याच्या कडांवर तपकिरी-काळी झाक, पट्ट्याखाली हिरवट किटण दिसतं, तेव्हा घरात दोनच तर्क लढवले जातात. एक, हे सोनं नव्हतंच. दुसरा, घासलं की लखलखेल. पहिला तर्क कधीकधी चुकतो आणि दुसरा तर थेट धोक्याचा आहे. दमट हवेनं पन्नास वर्षांत होत नाही तेवढं नुकसान चिंच आणि जुना टूथब्रश घेऊन बसलेला माणूस दहा मिनिटांत करून ठेवतो, आणि तेही प्रेमापोटी. म्हणून सफाईची कृती सांगण्याआधी थोडा वेळ घड्याळ ओळखण्यावर घालवू. घड्याळाचं सोनं कोणत्या जातीचं आहे हे कळलं की काय करायचं हे जवळजवळ आपोआप ठरतं.

शुद्ध सोन्यावर हवा, पाणी, घाम यांचा परिणाम होत नाही हे खरंच आहे. पण शुद्ध सोनं फार मऊ असतं, त्याची घड्याळाची केस रोजच्या वापरात चेपून जाईल. म्हणून त्यात तांबं, चांदी, कधी जस्त मिसळतात. आपले दागिने २२ कॅरेटचे, म्हणजे ९१.६ टक्के सोन्याचे. घड्याळांत इतकं सोनं क्वचितच असतं. स्विस बनावटीच्या सोन्याच्या केस बहुतेक १८ कॅरेटच्या, म्हणजे ७५ टक्के, किंवा १४ कॅरेटच्या, म्हणजे सुमारे ५८.५ टक्के सोन्याच्या असतात. इंग्लंडच्या बाजारासाठी बनलेल्या असंख्य घड्याळांत तर ९ कॅरेटचं सोनं आहे. त्यात सोनं ३७.५ टक्के आणि बाकी सगळं इतर धातू. हवेतल्या गंधकयुक्त वायूंशी संयोग होऊन चांदी आणि तांबं काळपट पडतात, आणि घामातला खार त्या कामाला वेग देतो. म्हणजे काळवंडते ती सोन्याची सोबत. ९ कॅरेटचं घड्याळ अस्सल सोन्याचं असूनही चांगलं काळं पडू शकतं. हा थर अतिशय पातळ असतो, वरच्या वर बसलेला असतो, आणि त्यानं केसचं काही बिघडत नाही.

दुसरी जात मुलाम्याची. आत पितळ, वर सोन्याचं पाणी. आपल्याकडे घराघरांत जी सोनेरी घड्याळं आहेत, त्यांतली बहुसंख्य याच जातीची. एचएमटीनं १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानं बंगळुरूला घड्याळं बनवायला सुरुवात केली. त्यांची 'सोना' आणि 'कांचन' ही घड्याळं लग्नात जावयाला, निवृत्तीच्या दिवशी साहेबांना, नोकरी लागल्यावर मुलाला दिली गेली. ती सोनेरी आहेत, सोन्याची नाहीत. फाव्र-लुबाची जुनी सोनेरी घड्याळं महाराष्ट्रात भरपूर आहेत, त्यांचाही बराच भाग मुलाम्याचाच. यात कमीपणा काही नाही. फक्त त्यांना वागवायची रीत वेगळी. मुलाम्याची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात. चांगला जुना मुलामा १० किंवा २० मायक्रॉनचा असे, आणि २० मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा पन्नासावा भाग. माणसाचा केससुद्धा याच्या तिपटीहून जाड भरतो. या थराला सूक्ष्म छिद्रं असतात, ओरखडे पडतात, त्यातून घाम आत शिरतो आणि खालचं पितळ वर यायला लागतं. इथं दिसणारा काळेपणा वरून बसलेला नसतो, खालून आलेला असतो.

या दोहोंच्या मधली एक जात आहे ती पत्रा चढवलेल्या घड्याळांची. पितळेच्या जाड पट्टीवर सोन्याचा पातळ पत्रा उष्णता आणि दाबानं जोडायचा, मग ती पट्टी लाटून तिची केस करायची, अशी ही पद्धत. इंग्रजीत त्याला 'गोल्ड फिल्ड' किंवा 'रोल्ड गोल्ड' म्हणतात. अमेरिकेतली बरीचशी खिशातली घड्याळं आणि बर्मिंगहॅमच्या डेनिसन कंपनीच्या 'मून', 'स्टार' या नावांच्या केस या प्रकारातल्या. हा थर मुलाम्यापेक्षा बराच जाड असतो आणि टिकतोही, पण घासण्यानं तोही संपतोच.

आता तुमच्या हातातलं घड्याळ कोणत्या जातीचं हे कसं ओळखायचं? आधी मागचं झाकण वाचा. 'स्टेनलेस स्टील बॅक' किंवा त्याच अर्थाची फ्रेंच अक्षरं असतील, तर पुढची सोनेरी केस जवळजवळ खात्रीनं मुलाम्याची आहे. 'बेस मेटल' असा शब्द दिसला तर शंकाच नको. 'प्लाके' हा फ्रेंच शब्द आणि शेजारी १० किंवा २० असा मायक्रॉनचा आकडा हीसुद्धा मुलाम्याचीच खूण. रशियन घड्याळांवर सोन्याच्या रासायनिक चिन्हापुढे १० किंवा २० लिहिलेलं असतं, त्याचाही अर्थ तोच. अमेरिकन केसवर '२० वर्षांची हमी' अशी अक्षरं असतील तर हुरळून जाऊ नका. इतकी वर्षं वापरूनही खालचं पितळ दिसणार नाही, एवढीच ती हमी. अमेरिकेत १९२४ मध्ये अशा वर्षांच्या खुणांवर बंदी आली, म्हणजे ती अक्षरं घड्याळाचं वय मात्र सांगून जातात.

अस्सल सोन्याच्या खुणा वेगळ्या. १८८० च्या दशकापासून १९९५ पर्यंत स्वित्झर्लंडमध्ये १८ कॅरेटच्या केसवर स्त्रीच्या मस्तकाचा आणि १४ कॅरेटच्या केसवर खारीचा बारीक ठसा मारत. इंग्लंडमध्ये ३७५ हा आकडा आणि सोबत त्या त्या शहराच्या तपासणी कचेरीची खूण असे, बर्मिंगहॅमचा नांगर आणि लंडनच्या बिबट्याचं तोंड. ७५० म्हणजे १८ कॅरेट, ५८५ किंवा ५८३ म्हणजे १४ कॅरेट. हे ठसे कधी झाकणाच्या आतल्या बाजूला असतात, कधी पट्टा अडकवायच्या कानांच्या मागे. भारतीय मानक ब्यूरोचा हॉलमार्क मात्र शोधू नका. दागिन्यांवर तो २०२१ मध्ये सक्तीचा झाला तेव्हाही घड्याळांना त्यातून सूट दिलेली होती.

सराफाकडे कॅरेट तपासायचं यंत्र असतं. ते वापरायला हरकत नाही, त्यानं ओरखडा पडत नाही. पण हे यंत्र वरवरचेच काही मायक्रॉन वाचतं, त्यामुळे जाड पत्र्याच्या घड्याळालाही ते सोनं म्हणू शकतं. कसोटीच्या दगडावर घासून मात्र बघू देऊ नका.

ठसा सापडला नाही तरी डोळ्यांना पुष्कळ कळतं. घड्याळजी डोळ्याला लावतात तसं भिंग घ्या आणि उन्हाच्या उजेडात बसा. पट्टा आधी काढा, कारण खरी गोष्ट त्याच्या खाली असते. पट्टा जिथे अडकतो त्या चार कानांच्या कडा पाहा, चावीच्या आजूबाजूचा भाग पाहा, मनगटाला टेकणारी मागची कड पाहा. अस्सल सोन्यावरचा काळेपणा ढगाळ असतो, त्याला ठरावीक किनार नसते, आणि त्याखालचा रंग सगळीकडे सारखा असतो. मुलामा गेलेल्या जागेला मात्र नकाशावरच्या बेटासारखी स्पष्ट किनार दिसते. आतला रंग जरा लालसर किंवा मातकट पिवळा असतो, आणि बाहेरच्या सोनेरी भागाच्या तो किंचित खाली आहे हे भिंगातून जाणवतं. ही किनार दिसली की एक गोष्ट मनाशी पक्की करा: इथलं सोनं झिजून गेलेलं आहे आणि कुठल्याही पावडरीनं ते परत येणार नाही. उलट घासाल तसं ते बेट मोठं होत जाईल.

आता घरगुती उपायांबद्दल स्पष्टच बोलायला हवं. देवाच्या पितळी समया चिंचेनं किंवा पितांबरीनं लखलखतात, कारण त्या आतबाहेर एकाच धातूच्या असतात. वरचा थर निघाला तरी खाली पितळच. मुलाम्याच्या घड्याळाला हा न्याय लावता येत नाही. चिंच, लिंबू, व्हिनेगर यांतलं आम्ल सोन्याला काही करत नाही, पण छिद्रांतून आत जाऊन पितळ खातं आणि मीठ घातलं असेल तर जास्तच. रांगोळी, राख, टूथपेस्ट यांत बारीक खर असते. टूथपेस्टनं प्लॅस्टिकच्या जुन्या काचेवरचे ओरखडे कमी होतात हे खरं, पण ती काचेवरून कडेच्या सोन्यावर गेली की मुलामा उडवते. नेलपॉलिश काढायचा द्रव, थिनर, स्पिरिट यांनी तीच काच धुरकट होते, तडकते. ब्लीचमधलं क्लोरिन तर कमी कॅरेटच्या अस्सल सोन्यालाही कमकुवत करतं.

अमोनियाबद्दल थोडं अधिक सांगतो, कारण काच पुसायच्या आणि दागिने उजळवायच्या कित्येक तयार द्रवांत तो असतो. त्याची करामत पहिल्यांदा ध्यानात आली ती आपल्याच देशात. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसं भारतातल्या पावसाळ्यात साठवणीत पडल्या पडल्या तडकायची. कोणी वापरलेली नसायची, कोणी आपटलेली नसायची, तरी उभ्या चिरा जायच्या. पावसाळ्याच्या ऋतूत होतं म्हणून त्या प्रकाराला 'सीझन क्रॅकिंग' असं नाव पडलं. काडतुसं तबेल्यांजवळ साठवलेली असत, घोड्यांच्या मुतातून अमोनिया हवेत मिसळे, आणि दाबून ताणलेलं पितळ दमट हवेत त्याच्या संपर्कात आलं की त्याला भेगा जात. याचा उलगडा १९२१ मध्ये झाला. घड्याळाची केसही अशीच दाबून, ताणून घडवलेल्या पितळेची असते, आणि बिजागरीपाशी, कानांपाशी ती फार पातळ असते. तिथं अमोनिया नको.

मग करायचं काय? पहिली पायरी अगदी साधी आहे आणि निम्म्याहून अधिक घड्याळांना तेवढीच पुरते. पट्टा काढा. चावी आत दाबलेली आहे ना ते पाहा. मऊ, कोरडं, धुतलेलं सुती फडकं घ्या, चष्म्याचं असलं तरी चालेल. आधी कोरडंच पुसा. मग कापसाच्या काडीचं टोक पाण्यात बुडवून नीट पिळा आणि त्यावर भांड्यांच्या सौम्य द्रव साबणाचा एखादाच थेंब घ्या. केसचा बोटाच्या पेराएवढा भाग पुसायचा, काडी बदलायची, साध्या ओल्या काडीनं साबण टिपून घ्यायचा, लगेच कोरडं करायचं, मग पुढचा भाग. काचेच्या कडेला आणि चावीच्या बुडाला ओली काडी न्यायची नाही. जुन्या घड्याळांची रबरी वेष्टणं कडक होऊन गेलेली असतात, आणि झाकणावर 'वॉटरप्रूफ' लिहिलं असलं तरी आज त्या शब्दावर विसंबू नका. नळाखाली घड्याळ धरायचं तर नावच नको. खाचांमधलं किटण लाकडी टूथपिकनं काढा. लाकूड सोन्यापेक्षा मऊ असतं, सुई आणि टाचणी तशी नसते.

ज्याला आपण काळवंडणं समजतो त्यातलं बरंचसं म्हणजे निव्वळ घाम, साबण आणि त्वचेचा मळ यांचं जुनं किटण असतं, हे या पहिल्याच सफाईत उघड होतं. एवढ्यावर रंग समाधानकारक आला तर थांबा.

त्यानंतरही झाक उरली आणि केस अस्सल सोन्याची आहे याची खात्री असेल, तर दागिने पुसायचं मसाला लावलेलं कापड हलक्या हातानं फिरवता येतं. त्या मसाल्यात बारीक खर असते, म्हणून हे वर्षातून एकदाच, आणि ठसे, कोरलेली नावं यांना वगळून. मुलाम्याच्या घड्याळावर हे कापड चालवू नये. पत्रा चढवलेल्या घड्याळावर मी तरी चालवणार नाही. रिठ्याचं पाणी आपले सोनार पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले आहेत आणि अस्सल सोन्याला ते उत्तम आहे, पण घड्याळजीनं आतलं मशीन, तबकडी आणि काच काढून रिकामी केस हातात दिली असेल तरच. अशी रिकामी केस कोमट पाण्यात मऊ ब्रशनं निर्धास्त धुता येते. म्हणून सफाईची खरी वेळ म्हणजे घड्याळ सर्व्हिसिंगला जातं ती. घड्याळजीला आधीच सांगून ठेवा: केस फक्त धुवा, बफ मारू नका. न सांगितलं तर तो चकचकीत करून देईल, कारण बहुतेक गिऱ्हाइकांना तेच हवं असतं.

बफ म्हणजे फिरत्या चाकावर मसाला लावून घासणं. त्यात धातू जातो. सोनार पॉलिशची घट धरतात आणि चाकाखालची धूळ जपून ठेवतात, ती काही उगाच नाही. दागिन्यात ही घट खपून जाते, घड्याळात नाही. केसच्या धारदार कडा गोल होतात, कान बारीक होतात, आणि खारीचा ठसा किंवा मागे कोरलेलं '३५ वर्षांच्या सेवेबद्दल' पुसट होऊन जातं. जुन्या घड्याळांच्या बाजारात कडा शाबूत असलेल्या काळपट केसला घासून उजळलेल्या केसपेक्षा जास्त मान मिळतो. जुन्या म्हणून विकायला आलेल्या एखाद्या घड्याळाची केस आरशासारखी आणि तबकडी कोऱ्या रंगाची दिसली, तर जाणकार विकत घेण्याआधी दोनदा विचार करतात.

नवीन मुलामा द्यावा का, हा प्रश्न हटकून येतो. झवेरी बाजारात आणि जवळपास प्रत्येक शहराच्या सराफ पेठेत हे काम करणारे कारागीर आहेत. पण मुलामा देण्याआधी जुना पृष्ठभाग घासून सपाट करावाच लागतो, म्हणजे वर सांगितलेलं सगळं नुकसान आधी होतं. शिवाय स्वस्तात दिलेलं सोन्याचं पाणी बहुधा एक मायक्रॉनसुद्धा जाड नसतं, रोजच्या वापरात ते लवकरच उडतं. पितळ समोरून सर्वत्र दिसत असेल, घड्याळ संग्राहकाच्या दृष्टीनं सर्वसाधारण असेल आणि तुम्हाला ते रोज मनगटावर घालायचं असेल, तर मुलामा जरूर द्या. मात्र किती मायक्रॉनचा देणार हे विचारून घ्या आणि मशीन घड्याळजीकडून काढूनच केस कारागिराकडे पाठवा. इतर बाबतीत कडांवर डोकावणारं पितळ आहे तसं राहू द्यावं. ते त्या घड्याळाच्या वापराचा प्रामाणिक पुरावा आहे.

एका गोष्टीबाबत मात्र सावध करायलाच हवं. १९६० च्या आधीच्या कित्येक घड्याळांच्या काट्यांवर आणि अंकांवर अंधारात चमकणारा रेडियमयुक्त रंग असे. आज तो तपकिरी, भुसभुशीत दिसतो आणि चमकत नाही, म्हणून तो संपला असं वाटतं. संपलेला असतो तो प्रकाश देणारा पदार्थ. रेडियमचं अर्धायुष्य मात्र सुमारे १६०० वर्षं आहे. असं घड्याळ सफाईच्या निमित्तानं घरी उघडू नका, तबकडी पुसू नका, त्याची धूळ नाकातोंडात जाऊ देऊ नका. तबकडी तर रेडियम नसलं तरी पुसू नये. तिच्यावरची छापील अक्षरं ओल्या काडीच्या एका फटकाऱ्यात निघून येतात.

काळेपणा परत येऊ नये यासाठी फार काही लागत नाही. घालून झालं की मनगटाचा घाम पुसावा, अत्तर आधी लावावं आणि घड्याळ नंतर बांधावं. ठेवताना कातडी पट्टा वेगळा ठेवावा, कारण तो ओल धरून ठेवतो. रबर बँड घड्याळाच्या आसपासही नको, कारण रबरात गंधक असतं. लोकरीचं कापडही त्याच कारणानं टाळावं. सुती कापडात गुंडाळून, सिलिका जेलच्या पुडीसह झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात ठेवलं की कोकणातला पावसाळासुद्धा निभावतो. पुड्या मधूनमधून बदलाव्या लागतात. बँकेच्या लॉकरमध्ये ठेवणाऱ्यांनीही हे करावं, कारण तळघरातले लॉकर बरेच दमट असतात.

राहिला तो हिरवा रंग. पट्ट्याखाली, कानांच्या आतल्या बाजूला, झाकणाच्या खाचेत जी हिरवी, मेणासारखी किंवा खरखरीत पुटं दिसतात, ती तांब्याची संयुगं. ती धातू खात राहतात, ओल धरतात, आणि झाकणाच्या खाचेतून आत गेली तर मशीनपर्यंत पोचतात. शिलाई मशीनच्या तेलाचा अगदी बारीक थेंब टूथपिकच्या टोकानं त्यावर ठेवा, रात्रभर मुरू द्या, मग लाकडी टोकानं हळूहळू खरवडा आणि फडक्यानं तेल पूर्ण टिपून घ्या. खाली खड्डा पडलेला असेल तर तो भरून येणार नाही, पण वाढायचा थांबेल. पुटं झाकणाच्या सांध्यात असतील तर स्वतः काही न करता घड्याळजीकडे न्या. काळी झाक दहा वर्षं तशीच राहिली तरी चालते, हिरवं पूट मात्र थांबत नाही. तेव्हा घरात असं घड्याळ असेल तर पाऊस सुरू व्हायच्या आत एकदा त्याचा पट्टा काढून खाली बघाच.